फुलं तोडणारे अंकल

आमच्या देवांना विकतची फुलं कधी माहीतच नव्हती. दक्षिण दिल्लीतल्या सरकारी कॉलनीत आम्ही राहायचो तेव्हा आई सकाळी फिरायला निघताना पदराखाली एक प्लॅस्टिकची पिशवी घ्यायची, आणि ज्या क्वार्टरच्या कुंपणाबाहेर फांदी आली असेल ती फांदी तिची. जास्वंद, कण्हेर, चांदणी म्हणजे आपली तगर, जे मिळेल ते. "बाहेर आलेली फांदी रस्त्याची," असा तिचा कायदा होता. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. ऑफिसची पेन्सिलसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. आई फांदीशी थांबली की ते थोडे पुढे जाऊन उभे राहायचे आणि या बाईंशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं आभाळाकडे बघायचे. "अहो, निदान पिशवी तरी धरा," असं आई रोज म्हणायची. बाबांनी ती कधीही धरली नाही.

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही गाझियाबादला फ्लॅट घेतला. सोसायटीच्या गेटसमोरच मोठा पार्क आहे. तिथेही तोच क्रम सुरू झाला, आई फांदीशी आणि बाबा आभाळाशी. मग आई आजारी पडली आणि फार दिवस न लावता गेली. बाबांनी फिरणं सोडून दिलं. सकाळी नुसते पेपर घेऊन बसायचे. डॉक्टर रागावले, मी रागावले, नागपूरहून आत्या फोनवर रागावली. एक दिवस काय वाटलं कोण जाणे, ते स्वतःच उठले, बूट घातले आणि बाहेर पडले. परत आले तेव्हा हातात पिशवी होती आणि पिशवीत कण्हेरीची पिवळी फुलं. माझ्याकडे न बघता त्यांनी ती देवापुढे ठेवली.

त्याच सुमाराला मी नोकरी सोडून कॉलेजच्या एका मित्राबरोबर ॲप काढायच्या मागे लागले होते. कल्पना साधी होती. दिल्ली, नोएडा, गुडगाव, गाझियाबाद, इथे जो तो बाहेरून आलेला. व्यायाम करायचं सगळ्यांच्या मनात असतं, पण एकट्याला अंथरुणातून उठवत नाही. गेटपाशी कोणीतरी आपली वाट बघत उभं आहे म्हटलं की माणूस मुकाट्यानं उठतो. तर आमचं ॲप तुमच्या भागातला, तुमच्या वेळेचा जोडीदार शोधून देणार, चालायला, पळायला, बॅडमिंटनला, जिमला. व्यायाम झाला की दोघांनाही एकच प्रश्न विचारणार, "फिर चलेंगे?" हो किंवा नाही, एवढंच.

पैसे लावणाऱ्यांना कल्पना पुरत नाही, त्यांना गोष्ट लागते. मित्र म्हणाला, "यार, तेरे पास तो है स्टोरी." होती खरंच. बाल्कनीतून काढलेला एक फोटो माझ्याकडे होता. आईबाबा पार्कच्या वाटेवर पाठमोरे, आई साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेली. तो फोटो मी पडद्यावर लावायची आणि सांगायची की माझी आई गेली आणि माझ्या बाबांचा चालायचा जोडीदार गेला, म्हणून मी हे ॲप करते आहे. गुडगावच्या त्या गार खोल्यांमध्ये कॉफीचे मग खाली ठेवले जायचे. "आई गेली" म्हटल्यावर किती थांबायचं, हे मी बाथरूमच्या आरशासमोर बसवलं होतं. हे लिहितानाही माझे कान तापतात. पण थांबायची मी अगदी बरोबर, आणि पैसे मिळाले.

त्या भाषणाचा व्हिडिओ मित्रानं एकदा घरी येऊन बाबांना दाखवला. मला तो त्याच्या हातून हिसकावून घ्यावासा वाटला होता. बाबांनी तो शेवटपर्यंत पाहिला, चष्मा काढला, पुसला. "फोटो छान आलाय तिचा," म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांच्या जोडीदाराची इतकी काळजी करणारी त्यांची मुलगी रोज सकाळी सोसायटीच्या जिममध्ये कानात गाणी घालून एकटीच ट्रेडमिलवर पळत असते, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आलं असतं तरी मी म्हटलं असतं, बाबांचा वेग वेगळा, माझा वेगळा, आणि नऊला माझी मीटिंग.

ॲप सुरू झालं तेव्हा पहिल्या काही लोकांत बाबा होते. खरं नाव टाकायला ते तयार नव्हते, सरकारी माणूस, उगाच कुठे सही करणार नाही. त्यांनी "सुबह की सैर" असं टोपणनाव घेतलं. पार्कातल्या बाकावर रिटायर्ड मंडळींचा एक अड्डा असतो. एक रेल्वेतले, एक टपाल खात्यातले, एक कुठल्याशा बोर्डातले. बाबांनी त्यांच्या खांद्यांवरून वाकून त्यांच्या फोनमध्येही ॲप घालून दिलं. "हमारी बेटी ने बनाया है," हे सांगताना त्यांचा आवाज कसा असेल ते मी ऐकलं नाही, पण कल्पना आहे. दहावीत मला गणितात चांगले मार्क मिळाले होते, तेव्हा त्यांनी लिफ्टमनलासुद्धा सांगितलं होतं.

सुरुवातीला त्यांना जोडीदार मिळाले. बँकेतला एक तरुण, एक शिक्षिका, स्पर्धा परीक्षा देणारा सांगलीकडचा एक मुलगा. त्या मुलाशी मराठी बोलायला मिळालं म्हणून बाबा दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी चहाबरोबर मला सगळं ऐकावं लागायचं, कोण कुठला, कोणाची बदली कुठे झाली, कोणाचं लग्न अडलंय. मीही ऐकायची, एक डोळा लॅपटॉपवर ठेवून.

मग ती मीटिंग झाली.

लोक ॲप सोडून जात होते. का जातात ते शोधायला आम्ही सगळे नोएडाच्या ऑफिसात टेबलाभोवती बसलो होतो. "फिर चलेंगे?" ला नाही म्हणणाऱ्यांनी खाली काय लिहिलं आहे, ते आमच्यातली एक मुलगी वाचून दाखवत होती. ती नकला फार सुंदर करते. "अब ये सुनो," ती म्हणाली. "अंकल स्वीट हैं, पर फूल तोड़ते हैं. हर झाड़ी पर रुकते हैं. मेरी वॉक का सत्यानाश." सगळे हसले. तिनं पुढचं वाचलं, दुसऱ्या कोणाचं, त्याच अंकलबद्दल. "थैली मुझे पकड़ा दी! मैं पूरे पार्क में फूलों की थैली लेकर घूमी!" आता तर टेबल वाजवून हसणं सुरू झालं. माझा मित्र डोळे पुसत होता.

मीही हसले. चांगली मोठ्यानं, तोंड उघडून हसले. "थैली" हा शब्द डोक्यात पोचायला थोडा वेळ लागला. तो पोचला तरी माझा चेहरा तसाच हसरा राहिला, कारण सगळे माझ्याकडे बघत होते आणि तो आवरायचा कसा ते मला सुचेना. हे माझे बाबा आहेत, तुम्ही पडद्यावरच्या फोटोत पाहिलेत तेच, असं एक वाक्य बोलायचं होतं. त्या टेबलाशी माझ्याएवढा अधिकार दुसऱ्या कोणाचा नव्हता. मी पाण्याची बाटली उघडली आणि पाणी प्यायले.

मित्र म्हणाला, "देखो, ये अंकल अच्छे होंगे, पर ऐसे दस अंकल हमारा ॲप डुबा देंगे." नियम ठरला. ज्याला पुन्हा पुन्हा "नाही" येतं, तो इतरांना दिसायचा बंद. मी मान डोलावली. मग प्रश्न आला की त्या माणसाला सांगायचं काय. तुम्हाला कोणी पसंत करत नाही, असं थोडंच सांगता येतं? आणि इथे मला युक्ती सुचली. ती मला माझ्या घरातूनच मिळाली होती.

मी लहान असताना बाबा जेवताना ऑफिसच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या मंत्रालयात ज्या अर्जाला नाही म्हणायचं असे, त्याला कधीच नाही म्हणत नसत. नाही म्हटलं की माणूस भांडायला येतो, कोर्टात जातो. त्यापेक्षा दर वेळी कळवायचं, आपला मामला विचाराधीन आहे. अर्ज करणारा वाट बघत राहतो आणि हळूहळू स्वतःच थकतो. बाबांना हे आवडायचं नाही. "लोक हेलपाटे घालतात गं. जिन्यावर बसून डबा खातात," असं म्हणायचे आणि भात तसाच राहायचा ताटात. मला मात्र त्यातली सोय तेवढी लक्षात राहिली होती.

"नाही म्हणायचंच नाही," मी टेबलाशी सांगितलं. "स्क्रीनवर नुसतं दाखवायचं, आपके लिए पार्टनर ढूँढ रहे हैं. आणि खाली एक छोटा माणूस चालताना." सगळ्यांना ते फार माणुसकीचं वाटलं. त्या चालणाऱ्या माणसाचं चित्र मीच पसंत केलं. टोपी घातलेला गोड म्हातारा आहे.

पुढच्या आठवड्यापासून आमच्या घरात तो म्हातारा चालायला लागला. सकाळी मी चहा घ्यायला उठायची तेव्हा बाबा बूट घालून, नाड्या बांधून दाराजवळच्या खुर्चीत बसलेले असायचे. पिशवी घडी करून खिशात आणि फोन मांडीवर. फोनमध्ये तो टोपीवाला चालतोय. "शोधतंय," बाबा म्हणायचे. मी म्हणायची, "अच्छा, थंडी आहे ना बाबा, लोक उठत नाहीत." उन्हाळा आला तेव्हा म्हणाले, शोधतंय. मी म्हटलं, गरमी आहे ना. इतकं धडधडीत खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते, आणि ते बोलताना मी डब्यातली बिस्किटं शोधत असायची. एकदा मी ऑफिसात बसून गुपचूप त्यांना पुन्हा चालू करून ठेवलं. एक जोडीदार मिळाला, एक "नाही" आलं, आणि माझ्याच नियमानं त्यांना परत झाकून टाकलं. बाबांची चूक काय, तर फांदी दिसली की थांबतात.

मग एक दिवस संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज मिळाला बरं का पार्टनर." मी चमकून बघितलं. "चांगला माणूस आहे. मानेसरला गाड्यांच्या फॅक्टरीत नाइट शिफ्ट करतो. सुटला की सरळ पार्कातच येतो."

आता मानेसर कुठे आणि गाझियाबाद कुठे! एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये अख्खी दिल्ली. कंपनीच्या बसमधून उतरलेला माणूस आमच्या पार्कात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येईल. आयुष्य दिल्लीत काढलेल्या बाबांना हे माहीत नव्हतं असं नाही, त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती एवढंच. आणि ॲपमध्ये त्यांचं काय चाललं आहे ते तर मला रोज दिसत होतं. त्यांना कोणीही मिळालेलं नव्हतं.

माझं ॲप चालत नाही असं मला वाटू नये म्हणून ते बोलत होते, हे मला लगेच कळलं. मी म्हटलं, "वा, मस्त!" दुसरं काय म्हणणार? त्यांचं खोटं उघडं पाडायचं तर आधी माझं पाडायला हवं होतं.

मानेसरवाल्याची बातमी मग रोज यायला लागली. तो फार बोलत नाही. त्याचा डावा गुडघा दुखतो, त्यामुळे हळू चालतो. चढावर थांबायला लागतं. माझ्या आईचा डावा गुडघा दुखायचा. एकदा पोहे खाताखाता बाबा म्हणाले, "आज मला म्हणाला, ती कोपऱ्यावरची चांदणी आज नको तोडायला, कळ्या आहेत, उद्या घेऊ." आणि पुढे पोहे खात राहिले. हे वाक्य आईचं होतं, शब्दाला शब्द. मी बशी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मला रडू येत होतं म्हणावं, तर तसं नव्हतं. मला फक्त भयंकर लाज वाटत होती. जिच्या नावावर मी पैसे उभे केले, तिला या माणसानं मनातल्या मनात परत बोलावून घेतलं होतं, आणि तेही माझी अब्रू राखायला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले. बाबा खुर्चीत होते, बूट घालून. मी कपाटातून माझे बूट काढले तेव्हा म्हणाले, "जिमला? आज लवकर?"

"तुमच्याबरोबर येते."

"तुझी मीटिंग?"

"नाहीये," मी म्हटलं. होती.

त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला आणि ते निघाले. पार्कात हवा जरा धुरकट होती, पण चालण्यासारखी होती. मी मनाशी वाक्य जुळवत होते. बाबा, एक सांगायचंय. बाबा, ते ॲपमध्ये असं आहे की. कुठूनही सुरुवात केली तरी ते वाक्य त्या टेबलापाशी येऊन अडायचं, मी हसले होते तिथे. पहिल्या कण्हेरीशी बाबा थांबले. पिशवी झटकून उघडली, माझ्याकडे न बघता पुढे केली. "धर."

मी धरली. ते फांदी वाकवून एकेक फूल खुडत होते, सावकाश, किडलेलं सोडून देत. मागून एक पळणारा माणूस "एक्सक्यूज़ मी" म्हणत आम्हाला वळसा घालून गेला. त्याच्या दंडाला फोन बांधलेला होता आणि फोनवर आमचंच ॲप चालू होतं. मी नकळत बाजूला सरकले, आणि आभाळाकडे बघायला लागले. मग माझं माझ्या लक्षात आलं आणि मी मान खाली घातली.

बाकावरची मंडळी आलेली होती. रेल्वेवाल्यांनी लांबूनच हाक मारली, "क्या बात है भाईसाहब! आज तो पार्टनर मिल गया!"

बाबा थांबले. मला वाटलं, आता सांगतील, ही मुलगी माझी. ते म्हणाले, "बिल्कुल. ॲप ने भेजी है."

सगळे हसले. मी कोण ते त्यांना माहीत असणार, माझं नाक बाबांचंच आहे. तरी कोणी तसं म्हटलं नाही, मोठेपणानं मान डोलावली. मी दोन्ही हातांनी पिशवी धरून उभी होते. टपालवाले मग मलाच म्हणाले, "बेटा, हमारे वाले में तो कब से ढूँढ ही रहा है. वो टोपीवाला चलता रहता है, चलता रहता है. कुछ ख़राबी है क्या?" तिसऱ्यांनीही फोन काढला. त्यांच्याही फोनमध्ये तो चालत होता.

मी तोंड उघडलं. सर्व्हर, अपडेट, असं काहीतरी येत होतं ओठांवर. तेवढ्यात बाबा म्हणाले, "ख़राबी नहीं है जी. मामला विचाराधीन है."

काय हसले ते! सगळा जन्म सरकारी ऑफिसात गेलेली माणसं, त्यांना दुसरं काही समजावून सांगायची गरज नव्हती. रेल्वेवाल्यांना तर खोकला लागला. बाबाही हसत होते. फक्त माझ्याकडे बघत नव्हते, आणि मला कळलं की त्यांनी पहिल्याच सकाळी ओळखलं होतं. मांडीवर फोन घेऊन, तो टोपीवाला बघताक्षणीच ओळखलं असणार. मग इतके महिने मी थंडी म्हणत होते, गरमी म्हणत होते, बिस्किटं शोधत होते, ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं.

आम्ही पुढे निघालो. बाकावरचं हसणं ऐकू येईनासं झालं. कोपऱ्यावरच्या चांदणीपाशी ते थांबले, पण फुलांना हात लावला नाही.

"बाबा, मी..." मी म्हटलं.

"माझं जाऊ दे," बाबा म्हणाले. "मला सवय आहे. पण त्यांना तेवढं कळव. रोज सकाळी बूट घालून बसतात गं ते."

मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही घराकडे वळलो.